चार बोटे

मनोऱ्यांना वाचा होती त्या काळी खाडीकाठच्या एका मनोऱ्याला ‘तुम्ही निर्दोष आहात’ अशी ग्वाही ओळंब्यानेच दिली होती. त्या भरवशावर मनोरा आणखी दहा मजले चढवायला निघाला.

तोच आकाशातून उपग्रह म्हणाला, “मनोरेबुवा, प्रत्येक फेरीला मी तुमचा माथा मोजतो. वर्षभरात तो चार बोटे खाली आला आहे.”

“अरे जा! माझा ओळंबा तसूभर हललेला नाही.”

ओळंबा वरमला. “दादा, मी तुमच्याच छताला टांगलेला. तुम्ही सरळ खचलात, तर मीही तुमच्यासंगे खचतो. मला फक्त कलणे कळते. आत शंभर बिऱ्हाडे आहेत, उपग्रहाचे ऐका.”

पाया भक्कम होईपर्यंत एकही मजला चढवायचा नाही, असे ठरले. मनोऱ्याने कुरकुरत होकार दिला. पायाने मात्र विचारण्याआधीच होकार दिला होता.