मायाप्पाचं पोर

"आणि रक्त जुळलं नाही तर, बाबा?"

पीराच्या टेकडीवर राहणारा फकीर नूरशा डाळीतले खडे वेचत होता. त्यानं मान वर केली नाही.

"जुळलं, तर काय करशील?"

मेंढपाळ धुळा त्याच्यापुढं खाली टेकला.

त्याचा थोरला भाऊ मायाप्पा गेल्या पावसाळ्यात वीज पडून गेला होता. आईबाप लवकर गेलेले. मायाप्पानंच धुळाला खांद्यावर घेऊन मेंढरांमागं वाढवलं. आणि आता रुक्मा कोर्टात उभी होती. लग्न झालेलं नव्हतं, पण कडेवरचं पोर मायाप्पाचं, असं ती सांगत होती. पोराला बापाचं नाव द्या, त्याच्या वाट्यातून पोटगी द्या. मायाप्पाची तर राखही नदीत गेलेली. म्हणून कोर्टानं धुळाचं रक्त तपासायला मागितलं होतं. उद्या जायचं होतं.

"चुलता म्हणतो, जाऊच नको. तारखा पडू दे, बाई आपोआप थकंल."

"तू काय म्हणतोस?"

"मला माझा भाऊ पाहिजे, बाबा. लोकाचं पोर घेऊन काय करू?"

फकिरानं सूप बाजूला ठेवलं.

"मला मेंढरांतलं कळत नाही. मेंढीचं कोकरू मेलं, तर तुझा भाऊ काय करायचा?"

"आई नसलेलं दुसरं कोकरू तिला लावायचा. मेलेल्याचं कातडं याच्या पाठीवर बांधायचा. मेंढी वास घेती अन् पाजती."

"म्हणजे फसवायचा."

"नाही हो." धुळा तडकला. "मग कातडं सोडायचा की. तरी पाजायची ती."

"तिला कळत नसेल."

"कळपात आपलं कोकरू बरोबर हुडकती ती. न कळायला काय झालं?"

"मग का पाजायची?"

धुळा सुपातली डाळ बोटानं चिवडू लागला.

"सांग ना."

"कोकरू गेलं की दुधानं भरून कास दगडावानी होती, ठणकती. तिला बसवत नाही, चरवत नाही. भाऊ म्हणायचा, बघ धुळा, कोकरू प्यायलं की आधी मेंढीच निजती."

भाऊ गेल्यापासून तो रडला नव्हता. आता पोटभर रडला.

"लई दिलं हो त्यानं मला," धुळा डोळे पुसत म्हणाला. "उद्या जातो. पोराला नाव मिळू दे. अन् रक्त नाही जुळलं, तरी पोराला मी सांभाळीन. रुक्मावर तेवढे उपकार करीन."

"उपकार?" फकिरानं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "कास कुणाची दुखत होती?"