तोरबाज खानाचे पाहुणे

तोरबाज खानाने आपल्या नव्या जर्दाळूच्या बागेकडे पाट वळवला आणि खाली झरमीना म्हातारीची पाणचक्की बंद पडली. सगळं खोरं तिला ‘अदे’ म्हणजे आई म्हणायचं, पण नुसत्या मानाने चूल थोडीच पेटते? चक्की फिरली तर तिच्या पोटाला मिळायचं.

पठाणांच्या त्या मुलखात न्याय मागायला दोन दारं. एक जिरगा, म्हणजे जमिनीवर गोल करून बसणारी वडीलधारी मंडळी. दुसरं तालुक्याचं कोर्ट. खान मोठा बेरकी. पाणी आपलंच म्हणून त्याने आधीच कोर्टात खटला घातला होता. जिरग्यात तो म्हणायचा, कोर्टाचा निकाल येऊ द्या. कोर्टात म्हणायचा, गावात जिरगा बसलाय, पुढची तारीख द्या. या तळ्यात-मळ्यात वर्ष गेलं आणि अदेच्या चक्कीत कोळ्यांनी संसार थाटला.

पुन्हा जिरगा बसला तो खानाच्याच हुजऱ्यात. हुजरा म्हणजे पाहुण्यांची बैठक. तिथे पुलाव वाढून मोठेपणा मिरवायची खानाला भारी हौस. अदेने पाणी मागितलं, तसा तो मिशीत हसला.

“अदे, कुणी धमकावायचं नाही, विनवायचं नाही, माफीचा मेंढा घेऊन दारात यायचं नाही. तरीही मी आपणहून खटला मागे घेतला, तर पाणी तुझं.”

“आणि तोवर?”

“तोवर थांबा सगळे.”

अदे वडीलधाऱ्यांकडे वळली. “ऐकलंत ना? यजमान थांबा म्हणतोय. पाहुण्याने त्याचा शब्द मोडू नये.”

जिरग्यातले सगळ्यात वयस्कर होते पीरदाद बाबा. कोपराखाली लोड ओढून ते म्हणाले, “थांबतो.”

आता पठाण एक वेळ जीव देईल, पण पाहुण्याला ‘कधी निघता’ असं विचारणार नाही. मंडळी थांबली. चौकशीला आलेले त्यांचे भाऊबंदही थांबले. कोर्टाने तारीख दिली ती बर्फ वितळल्यानंतरची. खानाच्या मेंढ्या संपल्या, कोंबड्या संपल्या. खान हसत वाढायचा आणि आत जाऊन कपाळावर हात मारायचा. त्याची दया यावी अशी अवस्था झाली, पण करणी त्याचीच होती.

एका सकाळी आचारी म्हणाला, पीठ संपलं. घाट बर्फाने बंद. घरातल्या बायकांनी जाती ओढून ओढून केव्हाच हात टेकले होते. शेवटी गव्हाची पोती खेचरावर लादून खान स्वतः अदेच्या दारात आला.

“अदे, आजच्या आज दळून दे. पाहुणे उपाशी राहिले तर मला तोंड दाखवायला जागा नाही.”

“देते की, बेटा. पण पाट कोरडा आहे. त्या पाण्याची तारीख बर्फ वितळल्यावर आहे म्हणे. तोवर थांब.”

खानाला आपलेच शब्द ओळखू आले. मग एवढा हसला, एवढा हसला, की पगडी सुटून गळ्यात आली! त्याने तिथलंच फावडं उचललं, वर बागेशी जाऊन स्वतः पाट फोडला आणि खाली चक्की घरघरू लागली. संध्याकाळी गरम नान वाढता वाढता त्याने जिरग्यासमोर खटला मागे घेतला. वर बागेतली जर्दाळूची एक अख्खी ओळ अदेच्या नावे केली.

“पण अदे,” तो म्हणाला, “पुढचा जिरगा तुझ्या अंगणात भरवायचा.”

“भरव की,” अदे म्हणाली. “मी कुणाला थांबा म्हणत नाही.”