लावरीपुरती जागा

एके काळी सरकारने ठरवलं, की जो शेतकरी आपला माळ न नांगरता गवताला सोडील, त्याला दरसाल अनुदान मिळेल. कोंडिबाने माळ सोडला. गवत कमरेला लागलं. ससे आले, आणि जमिनीवरच घरटं करणारी एक लावरीही राहायला आली.

पाचव्या वर्षी अनुदान बंद झालं. कोंडिबाने बैल नांगराला जुंपले.

ससे पळाले. लावरी अंड्यांवरून हलली नाही. "बैलदादा, चार दिवस थांबा. पिल्लं बाहेर पडतील."

"थांबणं माझ्या हातात नाही, बाई," म्हातारा बैल म्हणाला. तरी तिच्यापाशी येताच तो पाय रोवून उभा राहिला.

कोंडिबाने वाकून पाहिलं. त्याला वाईट वाटलं. त्याने नांगर वळवला आणि घरट्याभोवती सुपाएवढी जागा राखली.

संध्याकाळी साऱ्या उघड्या रानात तेवढंच गवत उरलं होतं. कावळ्यांना ते लांबून दिसलं.

दुसऱ्या दिवशी लावरी रिकाम्या घरट्याशी बसली होती. बैलाने विचारलं, "मालकाने तुझी जागा सोडली होती ना?"

"सोडली होती," लावरी म्हणाली. "पण दादा, मी एवढ्याशा जागेत राहत नव्हते. मी माळावर राहत होते."