फळीखालची बोटं

भिवा सुताराच्या दुकानात पहिल्यांदाच विजेवर चालणारं जिगसॉ, म्हणजे वळणदार नक्षी कापायचं करवतीचं यंत्र, आलं, तेव्हाची ही गोष्ट. नातीच्या पाळण्यासाठी फळीतून मोर कापायचा होता. भिवा शिकंज्यानं फळी बाकाला आवळू लागला.

जिगसॉला धीर नव्हता. "शिकंजेदादा, ढिले पडा की! भिवाबाबा हातानं धरतील फळी."

म्हातारा शिकंजा म्हणाला, "बाळा, तुझं पातं फळीखाली किती उतरतं, पाहिलंस कधी?"

"नाही बुवा. मला वरचंच दिसतं."

"हातानं फळी धरली, की बोटं तिथंच खाली येतात. सकाळी प्लग काढून, याच बोटांनी भिवानं तुझं पातं अलगद बसवलं."

जिगसॉ हळूच म्हणालं, "दादा, अजून थोडे घट्ट बसा."