येसाईच्या चुलीची राख

सह्याद्रीच्या उतारावर, घाटाची वाट संपून जिथे लाल माती सुरू होते, तिथे उंबरकोंड नावाचे गाव होते. गावाच्या वरच्या अंगाला, घाट चढणाऱ्यांनी ओझे टेकवावे म्हणून कुणा पूर्वजाने दगडी चौथरा बांधला होता. त्या चौथऱ्यावर, वडाच्या सावलीत महाराज राहत. ते कुठून आले हे कोणालाच ठाऊक नव्हते. लोक त्यांना विसाव्याचे महाराज म्हणत. अंगावर एक घोंगडी, हाताशी एक करवंटी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच प्रश्न: "जेवलास का?" ज्ञानाच्या गोष्टी ऐकायला आलेले विद्वान त्या प्रश्नाने हिरमुसत. उपाशी आलेल्याचे डोळे मात्र भरून येत.

महाराजांची भाकरी येसाईच्या घरून येई. येसाई गावच्या खालच्या वाडीत राहणारी एक साधी बाई. तिला एकच लेक, ठकू. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला तेव्हा ठकू आईकडे परत आली होती. दोघी मायलेकी नाचणी दळत, कुळथाचे पिठले करत, आणि पहिली भाकरी फडक्यात बांधून चौथऱ्यावर नेत. येसाईची भाकरी पुनवेच्या चंद्रासारखी गोल असे. महाराज ती हातात धरून आधी नुसतीच बघत, मग खात.

त्या काळी काडेपेटी आपल्या डोंगरात पोहोचलेली नव्हती. घरोघरच्या बायका संध्याकाळी चुलीतले निखारे गोळा करून राखेखाली दडपत, आणि सकाळी राख सारून, फुंकर घालून पुन्हा जाळ करत. एखादीची चूल विझलीच तर ती खापर घेऊन शेजारणीच्या दारात जाई आणि म्हणे, "विस्तव देता का?" या मागणीला नाही म्हणायचे नसते, हे लहान मुलीलाही ठाऊक असे.

येसाईची चूल कधी विझली नव्हती. म्हणून मार्गशीर्षातल्या पुनवेला गाव घाट चढून पठारावरच्या घाटाईच्या दर्शनाला जाई, तेव्हा देवीपुढच्या चुलाणासाठी विस्तव तिच्याच घरून जाई. रीतच तशी होती. वर्षभर न विझलेल्या चुलीचा विस्तव वर न्यायचा आणि त्यावर देवीचा नैवेद्य शिजवायचा. येसाई मातीच्या गाडग्यात निखारे राखेत पुरून न्यायची.

त्या वर्षी भाद्रपदात येसाई गेली. आजारी अशी नव्हतीच. संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने निखारे राखेखाली दडपले, अंथरुणावर पडली आणि एवढेच म्हणाली, "विस्तव राख गं, ठकू." सकाळी ती उठली नाही.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारणी पिठले-भात आणून देत, ठकू तो समोर ठेवून बसे. तेवढ्या दिवसांत चूल थंड पडली. यात कोणाचा दोष नव्हता, जगाची रीतच ती. पण ठकूच्या मनात काटा रुतला तो रुतलाच. आईने जाताना एक गोष्ट सांगितली होती, आणि तेवढीही आपल्याला जमली नाही.

सुतक फिटल्यावर ती खापर घेऊन खोतांच्या दारात गेली. खोतांची मथुराबाई मोठ्या घरची, हाताने कामसू, पण जिभेला धार. यंदा देवीचा मान आपल्या घरी आला, या आनंदात ती होती. उंबऱ्यातूनच ती म्हणाली, "आमचा विस्तव यंदा देवीचा गं बाई. विझलेल्या घरी कसा द्यायचा? एक चूल विझली ती विझली, माझी कशाला विझवतेस?"

रिकामे खापर घेऊन ठकू पलीकडच्या वाडीत लोहाराकडे गेली. लोहारणीने काही न विचारता ते काठोकाठ भरून दिले.

नवा जाळ करण्याआधी चुलीतली राख उपसावी लागते. ठकूने ती उपसली, पण उकिरड्यावर टाकवेना. त्या राखेवर आईच्या तळहाताचा ठसा होता. शेवटी तिने ती येसाईच्या गाडग्यात भरली आणि गाडगे कोनाड्यात ठेवले. येताजाता त्यावर हात ठेवायची तिला सवय लागली.

गावात अशा गोष्टी लपत नाहीत. पाणवठ्यावर मथुराबाईने एकदा सगळ्यांदेखत विचारले, "काय गं ठकू, राख जपून ठेवलीस म्हणे? पेरणार असशील. बघ हो, पावसाळ्यात कोळसे उगवतील." बायका हसल्या. ज्यांना हसू आले नाही, त्यांनीही घागरी उचलून वाट धरली.

ठकूच्या हातची पहिली भाकरी चौथऱ्यावर पोहोचली तेव्हा ती एका बाजूने करपलेली आणि चारी कडांनी चिरलेली होती. महाराजांनी ती नेहमीसारखीच हातात धरून बघितली.

"ही भाकरी नव्हे," महाराज म्हणाले, "ही घाटाची वाट आहे. चढउतार सगळे आहेत हिच्यात." आणि त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत ती खाल्ली. आई गेल्यानंतर ठकू त्या दिवशी पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता पदरात तोंड लपवून रडली. महाराजांनी तिला उगी राहा असे म्हटले नाही. ते नुसते शेजारी बसून राहिले.

मार्गशीर्षाची पुनव आली. ठकूने ठरवले होते, यंदा आपण घरीच राहायचे. पण पहाटे महाराज स्वतः तिच्या अंगणात येऊन उभे राहिले. त्यांना कोणी चौथरा सोडून वाडीत आलेले पाहिले नव्हते.

"मला घाट चढायचा आहे," महाराज म्हणाले. "माझी भाकरी कोण आणणार?"

ठकूने घाईने भाकऱ्या बांधल्या. ती निघणार तोच महाराज म्हणाले, "ते गाडगंही घे."

"महाराज, त्यात नुसती राख आहे."

"त्यात काय आहे ते मी विचारलं का तुला?"

ठकूने गाडगे उचलले. तिच्या मनात आले, निदान आईची राख देवीच्या पायांशी नेऊन ठेवू. आई वर्षानुवर्षे ज्या वाटेने गेली, त्या वाटेने तिची राख तरी जाईल.

मंडळी घाटाला लागली. पुढे मथुराबाई, नवे लुगडे नेसलेली, हातात घासूनपुसून लखलखीत केलेले पितळी अग्निपात्र. त्याच्या झाकणाला नक्षीची भोके होती. निखारे राखेत पुरले तर त्यांचा लाल उजेड भोकांतून दिसणार कसा? म्हणून मथुराबाईने राख घातलीच नव्हती. जाणत्या बायकांच्या ते ध्यानात आले, पण मोठ्या घरच्या बाईला सांगणार कोण? तिच्यामागे तिची सून लक्ष्मी, उराशी दोन महिन्यांची मुलगी. नातीला देवीच्या ओटीत घालायचे, असा मथुराबाईचा नवस होता. सगळ्यांत मागे महाराज आणि ठकू.

ठकूच्या हातातले गाडगे पाहून मथुराबाई मोठ्याने म्हणाली, "देवीला यंदा भस्म मिळणार हो. आम्ही जाळ नेतोय, ही राख नेतेय. सगळी सोय झाली."

महाराज म्हणाले, "राख कमी पडली तर मागून घ्या, बाई." लोक हसले. मथुराबाईही हसली, कारण बोलण्यातली मेख तिच्या ध्यानात आली नाही.

अर्धा घाट चढेपर्यंत ऊन होते. मग खिंडीतून धुके उतरले, बघता बघता पुढच्या माणसाची पाठ दिसेनाशी झाली, आणि त्यापाठोपाठ अवकाळी पाऊस कोसळला. मार्गशीर्षातला पाऊस आणि घाटमाथ्यावरचा वारा, दोन्ही एकदम. वाट निसरडी झाली. वर जाता येईना, खाली उतरता येईना. गुराखी पावसाळ्यात जिथे बसतात, ती एक कपार खिंडीच्या तोंडाशी आहे, तिच्यात सगळे कसेबसे शिरले. गुराख्यांनी साठवलेले गवत आणि काटक्या तिथे कोरड्या होत्या. उणीव फक्त विस्तवाची.

"मथुराबाई, पात्र आणा," कोणी म्हणाले.

मथुराबाईने झाकण काढले. आत काळे, भिजलेले कोळसे होते. उघड्या निखाऱ्यांना आधी वाऱ्याने खाल्ले आणि उरले ते भोकांतून शिरलेल्या पाण्याने. पुरुषांनी चकमक झाडली, पण कापूस भिजून गेला होता, ठिणगी धरीना.

इतक्यात लक्ष्मी घाबऱ्या आवाजात म्हणाली, "सासूबाई, ही रडत नाही."

मुलगी मघापर्यंत रडत होती. आता तिचे ओठ निळे पडले होते आणि मुठी उघडल्या होत्या. मथुराबाईने तिला उराशी घेतले, पण तिचे स्वतःचेच लुगडे चिंब होते. महाराजांनी आपली घोंगडी बाळावर टाकली, पण तीही पावसात भिजली होती. मथुराबाई एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली. मोठ्या घरच्या बाईने असे कोणाकडे कधी बघितले नव्हते.

महाराज ठकूकडे वळले. "ठकू, चूल मांड."

ठकूने त्यांच्याकडे पाहिले. तिला वाटले, महाराजांना ऐकू आले नसेल. "महाराज, विस्तव नाही."

"तुझी आई रोज काय करायची? सकाळी उठून बघायची का आधी, विस्तव आहे की नाही ते? ती राख सारायची आणि फुंकायची. तू तेवढं कर."

ठकूने तीन दगड मांडले. आतमध्ये गवत ठेवले. गाडग्याचे तोंड उघडले. भाद्रपदात गार पडलेली राख ती. हात घालायला तिचा जीव होईना, कारण आतापर्यंत निदान ती राख तरी जशीच्या तशी होती. मग तिने त्या निपचित बाळाकडे पाहिले, आणि बोटे राखेत घातली.

वरची राख गार होती. मधली कोमट लागली. ठकूचा हात थांबला. तिने आणखी खाली बोटे नेली, आणि चटका बसून हात झटकन बाहेर आला.

गाडग्याच्या तळाशी लाल डोळा उघडावा तसा निखारा होता. तिने ओणवे होऊन फुंकर घातली, आई घालायची तशी, आधी हलकी आणि मग लांब. एकाचे चार झाले. गवताने पेट घेतला, काटक्या तडतडल्या, आणि कपारीच्या ओल्या भिंतींवर उजेड पसरला. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले.

लक्ष्मीने बाळाला जाळाजवळ धरले, तळपाय चोळले. थोड्या वेळाने मुलगी शिंकली आणि मग असे रडू लागली की बाहेरचा पाऊस ऐकू येईना. तेवढे गोड रडणे त्या डोंगराने कधी ऐकले नसेल.

ठकू जाळापुढे बसून होती. "महाराज," ती हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं, मी विझवला."

महाराज म्हणाले, "पोरी, आईनं दडपलेला विस्तव तो. तो असा विझतो होय?"

पाऊस थांबला. धुके विरून पठारावर ऊन पडले, तेव्हा वर निघायची वेळ झाली. मथुराबाई आपले पितळी पात्र घेऊन पुढे आली. ठकूसमोर येऊन ती थांबली. उंबरकोंडातली कोणतीही बाई शेजारणीच्या दारात जे म्हणते, तेच ती एवढ्या माणसांसमोर म्हणाली.

"ठकू, विस्तव देतेस का गं?"

ठकूला खोतांचा उंबरा आठवला नसेल असे नाही. पण या मागणीला नाही म्हणायचे नसते, आणि ती येसाईची लेक होती. तिने पात्रात आधी मूठभर राख पसरली, त्यावर निखारे ठेवले आणि वरून पुन्हा राख घातली. "उजेड दिसणार नाही, वहिनी," ती म्हणाली, "पण वर पोहोचेल."

त्या वर्षी घाटाईचा नैवेद्य येसाईच्या चुलीच्या विस्तवावर शिजला. पहिली भाकरी ठकूने थापली. ती गोल झाली नाहीच. महाराजांनी हातात धरून बघितली आणि म्हणाले, "अजून घाटच आहे. पण चढ कमी झालाय."

तेव्हापासून उंबरकोंडात रीत पडली. सुतक फिटले की त्या घरच्या कोणी खापर घेऊन दारोदार जायचे नाही. शेजाऱ्यांनीच विस्तव घेऊन त्यांच्या दारात जायचे. ज्यांची चूल नुकतीच थंडावली आहे, त्यांनी ही कथा ऐकावी आणि राख उपसायची घाई करू नये.

त्या दिवशी पठारावर मथुराबाई नातीला देवीच्या ओटीत घालून आली आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकली. महाराजांनी पाय मागे घेतले आणि बोटाने दाखवले. चुलाणाशेजारी मातीचे जुने गाडगे ठेवलेले होते, काठाला राख लागलेली. मथुराबाई तिकडे वळली, आणि आपल्या नव्या लुगड्याची पर्वा न करता मातीत गुडघे टेकून तिने त्या गाडग्यासमोर डोके ठेवले. उठली तेव्हा तिच्या कपाळावर येसाईच्या चुलीची राख होती. घरी पोहोचेपर्यंत तिने ती पुसली नाही.