साळुंकीचा समारोप

फार पूर्वी, रानात अजून कुऱ्हाड शिरली नव्हती तेव्हा, तिथलं तळं आटून ओंजळभर पाणी उरलं होतं. डोंगरापलीकडे नदी वाहतेय, हे साळुंकी स्वतः पाहून आली होती. सगळ्यांना तिकडे न्यायचं म्हणून तिनं झकास भाषण रचलं आणि तळ्यातल्या आपल्याच प्रतिबिंबासमोर घोटून घेतलं. प्रतिबिंब दर वाक्याला मान डोलवायचं.

तळ्याकाठी भरलेल्या प्राण्यांच्या सभेत मात्र कुणी मान डोलवेना. साळुंकी अजून पूर्वजांच्या थोरवीवरच होती आणि गवा डुलक्या घेत होता. ससे तर उठायच्या बेतात. तिला पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. समोर हरिणी कोरडे ओठ चाटत होती. साळुंकी फांदीवरून खाली उतरली.

"हरिणीताई, पोटभर पाणी कधी प्यायलीस गं?"

"आठवत नाही बाई. पाडसापुरतं दूधही उतरत नाही आता."

गवा उठून उभा राहिला.

"साळुंके, पाणी कुठंय तेवढं सांग."

तिनं डोंगराकडे चोच केली. सभा उठून चालू लागली.

"अहो, थांबा! माझा समारोप राहिलाय!"

ऐकायला आता कुणी उरलं नव्हतं. तळ्यातल्या प्रतिबिंबानं तेवढी मान डोलावली.