सायाळबाईच्या बिळाची जप्ती

एक जंगल होतं. कुठे होतं ते विचारू नका. नकाशात नेमका तिथेच चहाचा डाग पडलाय. तिथे सिंहमहाराज भाषणं करत आणि बंडादादा तरस आपल्या टोळीसह राज्य करत असे.

टोळीने कुणाचं झाड बळकावलं, कुणाचा पाणवठा. सायाळबाईचं बीळ घेतलं, तेही ती पोटुशी असताना. बिचारी करवंदीच्या जाळीत राहू लागली. तिथे अजगराची ये-जा होती.

निवडणूक जवळ आली तसा महाराजांना गुन्हेगारीचा संताप आला. हुकूम निघाला, 'संघटित गुन्हेगारीतून मिळवलेली सर्व मालमत्ता सरकारजमा!' दुसऱ्याच दिवशी जप्ती अधिकारी मुंगूससाहेबांनी बिळाला सील ठोकलं आणि सीलसोबत फोटो काढून घेतला. सायाळबाईने आनंदाने करवंदं वाटली. मीही दोन खाल्ली. आता त्याची लाज वाटते.

आठवड्याने ती कचेरीत गेली. "साहेब, माझं बीळ तेवढं द्या की. दिवस भरत आलेत."

"मिळेल ना बाई! पण एकटीच्या अर्जावर काय होणार? ज्यांचं ज्यांचं गेलंय, त्या सगळ्यांना घेऊन या."

बाई दारोदार फिरली. ससे, घोरपडी, साळुंक्या असे बावीस जण जमले. समिती झाली, फलक रंगला.

इकडे बंडादादाचा वकील पोपट दरबारात उभा राहिला. "महाराज, टोळी आहेच कुठे? एक भाऊ आपल्या कोठारावर रखवालदार, दुसरा पाणी समितीवर, बाकीचे आपल्याच प्रचारात. माझा अशील एकटा पडलाय हो! कायदा संघटितांसाठी. हा तर असंघटित क्षेत्रातला!"

महाराजांचे डोळे पाणावले. असंघटितांसाठी घरकुल योजना होतीच. रिकामं बीळ शोधायला शिपाई धाडले, तर एक सीलबंद, अगदी तयार सापडलं. हार घालून बंडादादाला ताबा देण्यात आला.

नेमक्या त्याच वेळी समिती पोचली. "आमची बिळं आम्हाला द्या!"

महाराजांनी विचारलं, "हे किती जण?"

"बावीस, महाराज," मुंगूससाहेब म्हणाले. "अध्यक्ष आहे, सचिव आहे. एका सुरात ओरडतात."

"म्हणजे संघटित."

"अहो साहेब, तुम्हीच तर सगळ्यांना घेऊन या म्हणालात!" सायाळबाई कळवळून म्हणाली.

"घ्या, कबुलीही दिली," असं म्हणत साहेबांनी पंचनामा सुरू केला.

बावीस जणांचं होतं नव्हतं ते सरकारजमा झालं. सायाळबाईकडे बाळंतपणासाठी जमवलेला सुका पाला होता. तोही गेला.

"आता पिल्लं कुठे ठेवू हो मी?" तिने रडत विचारलं.

साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले, "कुठेही ठेवा बाई. फक्त एकत्र ठेवू नका."